थंड पाण्याला उकळ्या

बाबा आमच्या घरी कायमचे राहायला आले तेव्हा मला त्यांची नव्याने ओळख करून घ्यावी लागली. तोवरचे बाबा म्हणजे वर्षातून दोन-चारदा उगवणारा, डिझेलचा वास येणारा, दाराच्या चौकटीखाली वाकून आत शिरणारा एक उंच माणूस. एका शेठच्या ट्रकवर ते ड्रायव्हर होते. आम्ही विहीर नि गोठा म्हणावं तितक्या सहज ते इंदूर, नागपूर, हैदराबाद म्हणायचे. घरी माय, मी आणि नामदेवकाका. काका बाबांचे धाकटे भाऊ. साखरखेर्ड्याच्या शिवारात आमचा लहानसा मळा होता; वांगी, मिरच्या, मेथी, कांद्याची पात. माय आणि काका तो बघायचे. बाबा आले की माय वांग्याचं भरीत करायची, वर पातीचा हिरवा कांदा आणि जवसाचं तेल, सोबत ज्वारी-उडदाची कळण्याची भाकर. बाबा ते पाहुण्यासारखं संकोचून खायचे आणि दोन दिवसांत निघून जायचे. त्यांच्या जाण्याचा आवाज मला पाठ होता. पत्र्याच्या पेटीची कडी दोनदा वाजायची. एकदा उघडताना, एकदा लावताना.

मग महाराष्ट्र नवानवा झाला त्या सुमाराला बाबांनी ट्रक सोडला. बुलढाण्याला एका निवृत्त साहेबांच्या अंगणात एक जुनी विलायती मोटार कडुनिंबाखाली पडून होती. ती त्यांनी घेतली, महिनाभर खपून चालती केली आणि साखरखेर्डा ते मेहकर सवाऱ्या न्यायला सुरुवात केली. बस दिवसातून एकदा यायची आणि भरलेली असली तर थांबायचीही नाही. त्यामुळे गावाला मोटारीचं अप्रूप होतं तशी तिची गरजही होती. तिचा रंग शेवाळी हिरवा. समोर हँडल घालून ती फिरवावी लागायची, पहिल्यांदा खोकायची, दुसऱ्यांदा शिंकायची आणि तिसऱ्या झटक्याला सगळी आळी जागी करायची. पहाटे मायच्या भाकरी थापण्याचा आवाज आणि बाहेर बाबांच्या हँडलचा आवाज, हे दोन्ही एकदम ऐकू आले की अंथरुणात पडल्या पडल्या मला फार बरं वाटायचं. त्या आवाजाचा अर्थ एवढाच होता की बाबा संध्याकाळी घरी येणार आहेत.

मी त्यांची एकुलती. सातवी होऊन शाळा सुटली होती आणि परकर सोडून लुगड्यात जायच्या वयात मी होते. दुपारी मोटार परत आली की मी बाबांपाशी जाऊन बसायची. दोघांनाही एकमेकांशी काय बोलावं ते कळत नसे; इतकी वर्षं बोललोच नव्हतो. मग ते बोनट उघडायचे आणि सांगायला लागायचे. हा रेडिएटर, याच्यात पाणी गार होते. हा ब्लॉक, हे इंजिनाचं धड. त्याच्यात चार नळकांडी, चार सिलिंडर. वर झाकण असते ते हेड. धड आणि झाकण यांच्या मधात तांब्याचा पातळ पत्रा, ते गॅस्केट. आग आपल्या जागी राहावी, पाणी आपल्या जागी राहावं, एवढंच त्याचं काम. आमची बापलेकीची ओळख झाली ती अशी, इंजिनाच्या अवयवांची नावं घेत घेत. पुढे आयुष्यात लोकांनी मला विचारलं की तुम्हांला हे इंजिनांचं काम कसं काय आवडलं, तेव्हा मी काहीबाही उत्तर दिलं. खरं उत्तर हे आहे.

दुसऱ्या उन्हाळ्यात मोटार तापायला लागली. हिवऱ्याच्या पुढे, मेहकरच्या अलीकडे रस्ता लांबलचक चढतो, तिथे हमखास बोनटमधून वाफ यायची. सवाऱ्या उतरायच्या, बाबा डबा घेऊन शेताशेतांतून पाणी शोधायचे. एकदा काका सोबत होते. वाफ पाहून ते घाबरले आणि ओढ्याचं बादलीभर गार पाणी त्यांनी थेट तापल्या इंजिनावर ओतलं. तेव्हापासून दुखणं वाढलं, पण ते आम्हांला फार उशिरा उमगलं. मेहकरच्या रहीमभाई मिस्त्रींनी रेडिएटर सोडा घालून धुतला, रबरी पाइप बदलले, पंख्याचा पट्टा बदलला. मग हेड उघडून नवीन गॅस्केट टाकलं. आठवडाभर मोटार शहाण्यासारखी चालली आणि पुन्हा चढावर उभी राहिली. पुन्हा गॅस्केट, पुन्हा तेच. शेवटी एका लग्नाची माणसं भर उन्हात दोन कोस चालत गेली, आणि नवरीची आजी बाबांना जे बोलली ते गावभर झालं. गंगाराम माळ्याची मोटार म्हणजे पाण्याची घागर, असं पोरंसुद्धा म्हणायला लागली.

रहीमभाई सरळ माणूस. ते एके दिवशी घरी आले, मायच्या हातचा चहा घेतला आणि म्हणाले, "गंगारामभाऊ, आता लपवून काय फायदा? माह्या अकलेनं ब्लॉकलेच चीर गेली असन. चीर गेली का इंजिन गेलं समजा. दुसरा ब्लॉक या मोटारीचा आपल्या मुलखात भेटनार नाई."

काका म्हणाले, "मंग भंगारात देऊन टाक दादा. रोजची फजिती काऊन करून घेतं?"

त्याच आठवड्यात शेठचा माणूस निरोप घेऊन आला होता, की गाडीवर जागा आहे, येत असशील तर बाजारच्या दिवशी सांग. दुसऱ्या दिवशी मी मळ्यातून आले तेव्हा ओसरीत पेटीची कडी वाजली. बाबा त्यांचे खाकी कपडे काढून बघत होते. एका सदऱ्याला बटण नव्हतं. माय सुईत दोरा ओवत बसली होती, पण दोरा काही केल्या जात नव्हता.

"माय, बाबा जाऊन राह्यले?" मी विचारलं.

मायनं सुई खाली ठेवली. माझ्याकडे नाही, बाबांकडे पाहून ती म्हणाली, "मले एक सांगा. ते पानी जाते कुठी?"

"काय?"

"तुमी रोज डबा डबा पानी ओतता. ते जाते कुठी? मोट फुटली तं विहिरीच्या धावेवर ओल दिसते. घागर झिरपली तं बुड ओलं होते. पानी गायब नाई होत. तुमच्या मोटारीचं पानी कुठी जाऊन राह्यलं, ते कोनं पाह्यलं काय?"

बाबांनी हातातला सदरा तसाच मांडीवर ठेवला. मला ते आजही दिसतं. खाकी सदरा, त्याची एक बाही लोंबत असलेली. "चढावर उकळून जाते," ते म्हणाले, पण त्यांचा आवाज बदलला होता. "निदान आपन तसं समजतो."

मोटार उभी राहायची त्या छपराखालची जमीन मायनं स्वच्छ सारवली. सुकल्यावर मी चुलीतली राख चाळून तिच्यावर पातळ पसरली. बाबांनी मोटार त्या राखेवर ढकलत आणली आणि रेडिएटर काठोकाठ भरला. सकाळी आम्ही तिघं गुडघ्यांवर बसून खाली पाहिलं. राख कोरडी. चिमणीची पावलं उमटली होती, पण थेंब एक नव्हता. म्हणजे पाइप, पंप, रेडिएटर, सगळं धड होतं. माय म्हणाली, "आता चालू करून पाहा. जाग्यावरच."

बाबा हँडलशी गेले. मी रेडिएटरचं झाकण काढून तोंडाशी उभी राहिले. तिसऱ्या झटक्याला इंजिन पेटलं, आणि लगेच, अगदी लगेच, पाण्यात बुडबुडे यायला लागले. मोठमोठे, कण्या शिजताना येतात तसे, बुडबुड करत, थेंब बाहेर उडवत.

"बंद करा! उकळली!" मागे उभे असलेले काका ओरडले.

का कोण जाणे, मी ओरडले नाही. इंजिन आत्ता तर सुरू झालं होतं. चुलीवर पाणी ठेवल्याबरोबर उकळतं का? मी बोट घातलं. मग सगळा हात मनगटापर्यंत घातला.

"वच्छे! भाजशीन ना व!" माय धावली.

"थंड हाय," मी म्हणाले. "माय, थंडगार हाय. तू पाह्य."

मायनं हात घातला. मग बाबांनी. थंड पाण्याला उकळ्या फुटत होत्या आणि आमचे तिघांचे हात ओले होते. ते दृश्य काकांना इतकं भुताटकीचं वाटलं की ते दोन पावलं मागे सरले. मला मात्र त्या घटकेला असा आनंद झाला, जो पुढे लग्नात नाही झाला की पहिला पगार हातात पडला तेव्हाही नाही. मला कळलं होतं. अजून कुणाला कळलं नव्हतं आणि मला कळलं होतं.

"बाबा, हे पानी तापून उकळून नाई राह्यलं. याच्यात खालून हवा घुसून राह्यली. पान्यात घागर बुडवली का कशी बुडबुड होते? तशी. सिलिंडरातली हवा पान्यात येते अन् पान्याले बाहेर ढकलते. आपन समजत होतो आधी तापते अन् मंग पानी जाते. तसं नाई. आधी पानी जाते, अन् मंग ते तापते."

बाबांनी इंजिन बंद केलं. आळी एकदम शांत झाली. "पुन्हा सांग," ते म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. ते ऐकत असताना त्यांचा चेहरा मी पाहत होते. ट्रकवर जन्म घालवलेला माणूस तो. वाटलं होतं रागावतील किंवा हसतील. ते म्हणाले, "मंग कोनत्या सिलिंडरातून येते तेही सापडन. ये इकडं."

ती युक्ती बाबांची. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची तार कोरड्या काठीने उचलायची, म्हणजे तेवढ्या सिलिंडरातली आग बंद. ते काठी लावत होते आणि मी बुडबुड्यांवर नजर ठेवून होते. पहिली तार काढली, बुडबुडे तसेच. दुसरी, तसेच. तिसरी काढल्याबरोबर पाणी निवळलं, विहिरीच्या तळासारखं. तार लावली की पुन्हा उकळी. आम्ही ते इतक्यांदा करून पाहिलं की माय म्हणाली, "आता पुरे, तिले त्रास होत असन." मग चारही प्लग काढून ओट्यावर मांडले. तीन तव्याच्या बुडासारखे काळे आणि तिसऱ्या सिलिंडरचा धुतल्यासारखा पांढरा. थोडं पाणी आतही जात होतं आणि वाफेनं त्याला घासून काढत होतं. सगळं जुळलं. आजकाल माझा नातू मोटारीला एक तार जोडतो आणि पडद्यावर आजाराचं नाव उमटतं. मी ते कौतुकानं बघते. पण पाण्यात हात घालून कळणं निराळं, हेही त्याला ऐकवते.

बाबांनी सायकलवर माणूस पाठवून रहीमभाईंना बोलावलं. हेड उघडलं. नवं गॅस्केट तिसऱ्या सिलिंडरपाशी जळून काळं पडलं होतं, पाण्याच्या भोकापर्यंत. रहीमभाईंनी मान हलवली. "मी तेच म्हनलो. चीर." छपराच्या खुंटीला आधीची दोन जळकी गॅस्केटं अडकवलेली होती. मी ती काढून नव्यावर ठेवून पाहिली. तिन्ही एकाच जागी जळलेली, एकावर एक छापल्यासारखी.

"चीर असन तं दिसन," रहीमभाई म्हणाले. त्यांनी ब्लॉकवर रॉकेल फासलं, फडक्यानं कोरडं पुसलं आणि मायकडून रांगोळी मागून वर भुरभुरवली. चीर असती तर तिच्यात शिरलेलं रॉकेल वर येऊन रांगोळीत काळी रेघ उठली असती. आम्ही वाट पाहिली. माय देवाचं नाव घेत होती, ओठ हलत होते. रांगोळी पांढरी ती पांढरीच राहिली. हेडवरही तेच केलं. तेही निर्मळ.

रहीमभाई उकिडवे बसले. "मंग अजब हाय बाप्पा. चीर नाई तं एकाच जागी काऊन जळते?"

मला जातं आठवलं. आमच्या जात्याला टाकी लावायला बाई यायची, ती आधी वरची तळी उचलून बघायची. दोन दगड जिथे एकमेकांना टेकतात तिथे चकाकी येते, जिथे टेकत नाहीत तिथे दगड मंद राहतो आणि पीठ जाडं पडतं. मी म्हणाले, "चाचा, हेड अन् ब्लॉक सगळीकडं सारखे टेकून राह्यले का? मधात खड्डा पडला असन तं गॅस्केट तठी दाबलं नाई जात."

"लोखंड हाय पोरी. लोखंडाले कायचा खड्डा?"

"काका, तुमी त्या दिवशी तापल्या हेडवर गार पानी ओतलं होतं नं?" मी विचारलं. "माय तापल्या तव्यावर पानी टाकू देत नाई. तवा वाकडा होते म्हनते."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग रहीमभाईंकडे. रहीमभाई हळूहळू उभे राहिले. त्यांच्या सामानात एका मोडक्या कपाटाच्या दाराची जाड काच होती. तिच्याइतकं सपाट आमच्या पंचक्रोशीत दुसरं काही नव्हतं. तिच्यावर रंग काय लावावा हा प्रश्न पडला तेव्हा मी घरातून काजळाची डबी आणली. माय म्हणाली सगळी घे. काजळ तेलात कालवून काचेवर पातळ फासलं. काच आधी ब्लॉकवर ठेवून हलकेच सरकवली आणि उचलली. ब्लॉक सगळीकडे सारखा काळा झाला होता. मग बाबा नि रहीमभाईंनी हेड उचलून काचेवर ठेवलं, मागेपुढे केलं, उलटं केलं. सगळं काळं आणि तिसऱ्या सिलिंडरपाशी विड्याच्या पानाएवढी जागा कोरी, उघड्या लोखंडाची. काजळ तिथे लागलंच नव्हतं.

रहीमभाईंनी आपल्या कपाळाला हात लावला आणि मग तोच काजळाचा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "अल्ला. गंगारामभाऊ, तुमची मोटार मेली नाई. टोपी वाकडी झाली हो, नुसती टोपी!"

खामगावला एक लेथवाला होता, हेड घासून सपाट करून देणारा. बाबा म्हणाले, वच्छी सोबत येईल, तिला दाखवता येईल कुठे काय ते. बसमध्ये ते जड हेड गोधडीत गुंडाळून आम्ही दोघांच्या मांड्यांवर ठेवलं होतं. कंडक्टरनं विचारलं, "लेकरू हाय काय?" बाबा गंभीरपणे म्हणाले, "हाव. बीमार हाय. डॉक्टरकडे नेऊन राह्यलो." मी तोंडात पदर कोंबून हसले. बाबा चेष्टा करतात हे मला त्या दिवशी कळलं. लेथवाल्याच्या अंगणात आम्ही मायनं बांधून दिलेली भाकर नि ठेचा खाल्ला आणि परतताना ते हेड आरशासारखं लखलखत होतं.

हेड बसवताना बोल्ट मधल्यापासून कडेकडे, थोडे थोडे आवळायचे, हे बाबांनी मला शिकवलं आणि शेवटचा पीळ मला देऊ दिला. मग सकाळी रेडिएटरचं झाकण काढून मी उभी राहिले. हँडल फिरलं. पाणी हललं नाही. त्यात माझा चेहरा दिसत होता.

बाजारच्या दिवशी मोटार मेहकरला निघाली तेव्हा बाबा मायला म्हणाले, "तू पुढं बस." माय आजवर मोटारीत बसलीच नव्हती; सवारीची जागा आपण कशाला अडवायची, म्हणायची. त्या दिवशी ती नवं लुगडं नेसून पुढे बसली, मी तिच्या बाजूला. मागे सवाऱ्या दाटून, टोपल्या टपावर. हिवरा मागे पडला. चढ लागला तसं मागचं बोलणं थांबलं. ज्या शेतातून आम्ही पाणी मागायचो तिथला म्हातारा आम्हांला पाहून सवयीनं घागर घेऊन बांधावर आला. बाबांनी गाडी हळू केली नाही. भोंगा वाजवून त्याला हात केला. म्हातारा घागर घेऊन तसाच बघत राहिला. माय समोर बोनटकडे एकटक पाहत होती, वाफेची वाट बघत. वाफ आली नाही. मेहकरची घरं दिसली तेव्हा तिनं श्वास सोडला आणि बाबांच्या दंडाला नुसता हात लावला. चारचौघांत तिनं असं केलेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

बाजारात शेठचा माणूस उभाच होता. "काय गंगाराम, येतं का मंग?" बाबांनी बोनट उघडलं, फडकं धरून झाकण सैल केलं आणि त्याला आत बघायला लावलं. पाणी काठोकाठ होतं. "शेठले सांगजो, गंगाराम घरीच राह्यते," ते म्हणाले. "अन् कोनं दुरुस्त केली इचारलं तं सांगजो, त्याच्या बायकोनं अन् पोरीनं."

तो माणूस हसला. बाबा हसले नाहीत.

ही गोष्ट त्या रस्त्यावर आमच्या आधी धावली असावी. काही दिवसांनी दुपारी आमच्या दारात एक जीप येऊन थांबली. साखरखेर्ड्याच्या पलीकडचा कुणी मोठा शेतकरी होता, पांढरा फेटा, घामानं डबडबलेला, आणि मागे त्याची जीप फुसफुसत होती. मी आत चुलीशी जेवत होते. अंबाडीची भाजी, भाकर आणि कांदा. बाबा ओसरीत बसले होते.

"गंगाराम माळ्याचं घर हेच काय?" तो म्हणाला. "माही गाडी पानी पिऊन राह्यली. जरा पाहता काय?"

"मी नाई," बाबा म्हणाले. "ते काम वच्छलाबाई पाह्यते."

मी बाई झाले ती त्या दुपारी. घास हातात घेऊन मी उठायला लागले तशी मायनं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं आणि ताटात दुसरी भाकर वाढली. बाहेर बाबा त्या माणसाला सतरंजी झटकून देत होते.

"बसा," ते म्हणाले. "ते जेवून राह्यली. झालं का येईन."